डुबीचं डबकं

एक होती गच्ची. गच्चीवर होती टाकी. टाकीत होता ढब्बू मासा. टाकीच्या वर होता ट्रे. ट्रेमध्ये खडे. खड्यांत पालक.

पालकाच्या बुडाशी होतं एक डबकं. वाटीएवढं. त्यात राहायची डुबी. डुबी म्हणजे बेडकी. इवलीशी, बोराएवढी.

हे सगळं मांडलं होतं उर्मीमावशीनं. पंप पाणी वर ढकलायचा. नळी ते खड्यांवर सोडायची. ढब्बूच्या पाण्यावर पालक वाढायचा. उरलेलं पाणी झिरपून परत ढब्बूकडे. टप टप टप!

एक दिवस डुबी उठली. डुबकी मारायला गेली.

डुबुक? छे! खट्ट!

डोकं आपटलं खड्यावर. डबकं कोरडं!

"माझं पाणी कुठं गेलं? मला माझं पाणी हवं!"

डुबी खड्यांना म्हणाली,
"खड्यांनो, खड्यांनो, ओले व्हा!
माझं डबकं भरेना!"

खडे म्हणाले, "आम्ही नाही होणार! आधी नळीला पाणी सोडू दे. तू गप्प बस!"

डुबी फुगली. हाताची बेटकुळी काढली. एवढीशी! शेंगदाण्याएवढी!

"गप्प बसणार नाही!
डबकं सोडणार नाही!
डराँव!"

आणि निघाली. टुपुक टुपुक टुपुक.

नळी लोंबत होती. डुबी म्हणाली,
"नळी, नळी, पाणी सोड!
खडे ओले होईनात,
माझं डबकं भरेना!"

नळी म्हणाली, "मी नाही सोडणार! आधी पंपाला पाणी ढकलू दे. तू गप्प बस!"

डुबी फुगली. बेटकुळी काढली.

"गप्प बसणार नाही!
डबकं सोडणार नाही!
डराँव!"

टुपुक टुपुक टुपुक. टाकीत उडी. डुबुक!

पंप तळाशी बसला होता. घर्र... घर्र... थांबला. तोंडात हिरवं हिरवं शेवाळ. डुबी म्हणाली,
"पंपा, पंपा, पाणी ढकल!
नळी पाणी सोडेना,
खडे ओले होईनात,
माझं डबकं भरेना!"

पंप म्हणाला, "मी आही धकलनार!" तोंडात शेवाळ ना! "आधी धब्बूला शेवाल खाऊ दे. तू गप्प बश!"

डुबी फुगली. बेटकुळी काढली.

"गप्प बसणार नाही!
डबकं सोडणार नाही!
डराँव!"

पाण्यात डराँव म्हटलं की बुडबुडे येतात. बुड बुड बुड!

ढब्बू मासा कोपऱ्यात पडून होता. डुबी म्हणाली,
"ढब्बू, ढब्बू, शेवाळ खा!
पंप पाणी ढकलेना,
नळी पाणी सोडेना,
खडे ओले होईनात,
माझं डबकं भरेना!"

ढब्बू म्हणाला, "मी नाही खाणार! ऊन भाजतंय. पाणी तापलंय. मला दम लागलाय. आधी मावशीला वर सावलीची जाळी बांधू दे. तू गप्प बस!"

डुबी फुगली. बेटकुळी काढली.

"गप्प बसणार नाही!
डबकं सोडणार नाही!
डराँव!"

टुपुक टुपुक टुपुक.

उर्मीमावशी पायरीवर बसली होती. गाल हातात. शेजारी हिरवी जाळी, गुंडाळलेली. डुबी तिच्या चपलेवर चढली.
"मावशी, मावशी, जाळी बांध!
ढब्बू शेवाळ खाईना,
पंप पाणी ढकलेना,
नळी पाणी सोडेना,
खडे ओले होईनात,
माझं डबकं भरेना!"

मावशी म्हणाली, "मी नाही बांधणार! खडे मी धुतले. नळ्या मी जोडल्या. पाणी चढतं, पुन्हा थांबतं. चढतं, पुन्हा थांबतं. दमले गं मी! आता सदूभाऊ गोणी घेऊन येतील, खडे भरून नेतील. मोडूनच टाकते सगळं."

"मोडायचं नाही!" डुबी म्हणाली.

"मग पालकाला ताठ होऊ दे. एक पान, एकच पान ताठ झालं ना, तर बांधीन जाळी. तोवर तू गप्प बस!"

डुबी फुगली. खूप फुगली. बेटकुळी काढली.

"गप्प बसणार नाही!
डबकं सोडणार नाही!
डराँव!"

टुपुक टुपुक टुपुक.

पालकानं माना टाकल्या होत्या. डुबी म्हणाली,
"पालका, पालका, ताठ हो!
मावशी जाळी बांधेना,
ढब्बू शेवाळ खाईना,
पंप पाणी ढकलेना,
नळी पाणी सोडेना,
खडे ओले होईनात,
माझं डबकं भरेना!"

पालक हळूच म्हणाला, "मी नाही होणार... आधी खड्यांना ओलं होऊ दे. तू गप्प बस..."

खड्यांना? पुन्हा खड्यांना?

डुबीनं डोळे फिरवले. गोल, गोल, गोल. खडे म्हणतात, आधी नळी. नळी म्हणते, आधी पंप. पंप म्हणतो, आधी ढब्बू. ढब्बू म्हणतो, आधी मावशी. मावशी म्हणते, आधी पालक. आणि पालक म्हणतो, आधी खडे!

"सगळे म्हणतात, आधी तो, आधी तो!" डुबी ओरडली. "मग आधी मी!"

टाकीत उडी. डुबुक! गालांत पाणी भरलं. गाल टम्म!

नळी धरून वर चढली. सरक सरक सरक. पालकाच्या मुळाशी पाणी टाकलं. पिच्च!

एवढंसं ओलं झालं. बटणाएवढं.

खडे हसले. "एवढ्याशा पाण्यानं काय होणार?"

"बघाच तुम्ही!"

डुबुक! सरक सरक. पिच्च!
डुबुक! सरक सरक. पिच्च!

एकदा घसरली. धप्प! पाठीवर पडली. उठली. पुन्हा डुबुक!

ऊन तापलं. डुबीची पाठ सुकली. तरी डुबुक! तरी सरक सरक. तरी पिच्च!

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. धाड धाड धाड! सदूभाऊ आले. हातात मोठ्ठी गोणी.

"ताई, भरू का खडे?"

मावशी उठली. "भरा," म्हणाली. पण तिला रडू आलं.

सदूभाऊंनी हात पुढं केला. खड्यांवर कोण बसलंय? डुबी! पाय रोवून, गाल फुगवून.

"डराँव!"

"अगं बाई! तू इथं?" मावशी वाकली. आणि तिनं पाहिलं. डुबीच्या मागं एक पान. सगळ्यात छोटं पान. हळूच हललं. हळूच उठलं. ताठ!

"थांबा भाऊ! हात लावू नका!"

मग काय!

पालक ताठ झाला, मावशीनं जाळी बांधली. सदूभाऊंनी एक टोक धरलं.
मावशीनं जाळी बांधली, ढब्बूला गार वाटलं. ढब्बूनं शेवाळ खाल्लं. कुटुक कुटुक!
ढब्बूनं शेवाळ खाल्लं, पंपाचं तोंड मोकळं झालं. मावशीनं बटण दाबलं. पंपानं पाणी ढकललं. घुर्र!
पंपानं पाणी ढकललं, नळीनं पाणी सोडलं. सर्रर्र!
नळीनं पाणी सोडलं, खडे ओले झाले. चिंब चिंब!
खडे ओले झाले, डुबीचं डबकं भरलं!

भरलं, भरलं, भरलं... आणि वाहायला लागलं! डुबी चालली वाहत!

"डराँव! एवढं नको!"

मावशीनं नळीची चावी फिरवली. पाणी आलं थेंब थेंब.

"डराँव! एवढंसं नको!"

"बरं बाई!" मावशी म्हणाली. चावी जराशी उलटी फिरवली. अगदी जराशी. पाणी आलं झुळू झुळू.

डुबी काही बोलली नाही. मावशीनं ओळखलं, जमलं!

सदूभाऊ म्हणाले, "ताई, गोणी तर रिकामीच राहिली."

मावशी म्हणाली, "राहू दे भाऊ. पालक वाढला की जुडी घेऊन जा."

आणि डुबी? डुबीनं डबक्यात उडी मारली.

डुबुक!

डबकं भरलं, पान तरलं, गोष्टीचं पाणी इथं मुरलं!