पाणथळीची ढोली

त्या प्रदेशात वर्षातून एकदा प्रत्येक जण आपल्या हद्दीतल्या झाडाच्या ढोलीत आपल्या मताची एक बी टाकी, आणि जिकडे बिया जास्त तसा निर्णय होई. बी उजेडीच टाकायची. सूर्य मावळला की ढोली चिखलाने लिंपून टाकत. हद्दी आखायचं काम टिटवीकडे होतं. कामाला चोख, नियमाला पक्की, जरा तोऱ्याची.

यंदा राखणदार कमी पडले. टिटवीने आकाशात एक घिरटी मारली, पाणथळीची ढोली बंद केली आणि तिथली चाळीस कासवं टेकडीवरच्या बेहड्याच्या ढोलीला जोडून टाकली. अंतर तिने नेहमीसारखं पंखांनीच मोजलं. हाकेच्या अंतरावर तर आहे, असं तिला अगदी मनापासून वाटलं. बिचारीच्या मनात काही खोट नव्हती. पण यंदा निर्णय नेमका पाणथळीचाच होता: बांध फोडून पाणी सोडून द्यायचं, की राखायचं.

बिया टाकायच्या आदल्या दिवशी, सूर्य बुडाल्यावर, धोंडाक्का नावाची म्हातारी कासवीण टेकडीवर पोहोचली. टिटवी वैतागली.

"ही काय यायची वेळ झाली, आक्का? तक्रार असली तर उजेडी यावं माणसासारखं."

"उजाडताच निघाले होते गं बाई. मधे कुठं टेकलेसुद्धा नाही."

पंखांनी मोजलेलं अंतर पायांनी दिवसभराचं होतं, हे टिटवीला आता कळलं. तिला स्वतःची फार लाज वाटली. बिया पडायला लागेपर्यंत हद्द बदलायचा अधिकार तिचाच होता.

"पाणथळीची ढोली उद्या उघडते," ती म्हणाली, आणि मग चपापली. "पण आक्का, मग तुमची बीही तिथंच पडायला हवी. आहे तसं राहू दिलं, तर तुम्हाला तरी इथं टाकता येईल."

"माझ्या एकटीच्या बीने पाणी राहतंय होय? उघड तू. फटफटलं की मी निघते."

दुसऱ्या दिवशी टिटवीने ढोलीवरचा वाळका चिखल चोचीने फोडला आणि स्वतःच राखणीला बसली. दुपारपर्यंत एकोणचाळीस बिया पडल्या. बी टाकून कुणी घरी गेलं नाही. सगळी कासवं तिथंच थांबून राहिली. सूर्य टेकला, तशी टिटवीने चोचीत चिखलाचा गोळा उचलला आणि वाटेकडे पाहिलं. तिकडून, तोंडात बी धरून, मान होती तेवढी पुढे काढून, धोंडाक्का येत होती.