अद्धा

शुद्धलेखनाच्या चुका निघतील आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या. घडलं ते असं.

“आता तरी घ्याल ना चाचा, भिंतीत?”

दयानंदला धाप लागली होती. टेकडीवरच्या दर्ग्यापर्यंत तो वीट छातीशी धरून पळत आला होता. गावातल्या दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं वितळवून, वाळू घालून, साच्यात दाबून केलेली वीट.

लतीफचाचा दर्ग्यात येणाऱ्यांसाठी खोली बांधत होते. जन्मभर गवंडीकाम करून फकीर झालेला माणूस. त्यांनी वीट घेतली, तर गाव घेणार होतं. नाही तर जमवलेला सगळा कचरा पुन्हा ओढ्यात.

चाचांनी नखाने ओरखडा काढून पाहिला. उमटला नाही. बादलीत बुडवली. पाणी प्यायली नाही.

मग त्यांनी ती दगडावर आपटली. वीट टुणकन उडून दयानंदच्या पायाशी आली. तो खुशीत सांगू लागला, मातीची असती तर तुकडे वेचत बसलो असतो, हिच्यावरून ट्रॅक्टर जाऊ दे, काही होणार नाही.

“मग मोड.”

“…काय?”

“अद्धा पाहिजे. अर्धी वीट.”

चाचांनी करणी पुढे केली. दयानंदने घाव घातला. करणी उसळली. दुसरा घाव, तिसरा… हाताला झिणझिण्या आल्या, तरी त्याला आतून उकळ्याच फुटत होत्या. बघा, म्हणत त्याने मान वर केली.

चाचा बघत नव्हते. त्यांनी ढिगातली मातीची वीट उचलली, दयानंदच्या हातातली करणी घेऊन एक ठोका दिला. दोन तुकडे. एक त्यांनी कोपऱ्यातल्या अर्ध्या जागेत बसवला. सांध्यावर सांधा येऊ नये, म्हणून एक थर सोडून प्रत्येक थराला तिथे अद्धाच लागत होता.

दयानंदने आपली वीट उचलून घेतली.

“तीन महिने मी ती मोडू नये म्हणूनच झटलो, चाचा.”

“कोपऱ्याला सांग.”

तो कोपऱ्याकडे पाहत राहिला… आणि एकदम उठला. चप्पल तिथेच विसरून टेकडी उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने साच्याच्या मधोमध पत्रा उभा केला, मिश्रण ओतलं, दाबलं. दोन अद्धे निघाले. पुरते निवेपर्यंतही त्याला धीर नव्हता, गोणपाटात गुंडाळून तो वर पळाला.

चाचांनी एक अद्धा कोपऱ्यात ठेवला. ओळंबा सोडला. डोळा बारीक करून कितीतरी वेळ बघत राहिले…

“आता अख्ख्या आण.”