सात पूल आणि एक दोर

एकदा एक राज्य होते. त्या राज्यात सात नद्या होत्या, सात नद्यांवर सात पूल होते, आणि त्यांतल्या एकाही पुलावरून कोणाला पलीकडे जाता येत नव्हते.

पूल पडले नव्हते. ते कधी पुरेच झाले नव्हते. अकरा वर्षांपूर्वी राजाने एकाच मुहूर्तावर सातही ठिकाणी पायाभरणी केली होती. त्यानंतर दरवर्षी खाणीतला घडीव दगड, चुना आणि गवंडी यांचे सात सारखे वाटे होत. एका वाट्यातून जेमतेम एखादा खांब उभा राही, पावसाळ्यात त्याचा चुना धुऊन जाई, आणि पुढच्या वर्षीचा निम्मा वाटा त्याच खांबाच्या डागडुजीत संपे. लोक नावेतून ये-जा करत. पुराच्या चार महिन्यांत तेही बंद. मग पलीकडच्या गावांना वैद्यही मिळत नसे. नावाडी नव्या माणसाला ते खांब दाखवून सांगत, "बगळ्यांना बसायला बांधलेत."

जुना कारभारी थकला, तेव्हा राजाने बांधकामाचा कारभार एका तरुण स्त्रीकडे सोपवला. ती गणितात निष्णात होती, बांधणीचे शास्त्र शिकलेली होती. फक्त कोणताही निर्णय घेण्याआधी तिला दहा शंका येत आणि घेतल्यावर वीस. घरात दीड वर्षाची मुलगी. बाहेर पडताना दाराला कडी लावली की नाही, हे पाहायला ती दोनदा मागे फिरत असे. अशा बाईच्या हाती सात पूल देणाऱ्या राजाच्या अकलेबद्दलही तिला शंका होतीच.

तिने सातही जागा स्वतः जाऊन पाहिल्या. सहा ठिकाणी काम निम्म्यावरही आलेले नव्हते. सातवी नदी अरुंद होती; तिथे मात्र दोनच कमानी उरल्या होत्या. सगळा दगड तिथे नेला, तर पुढच्या पावसाळ्याआधी तो पूल पुरा होणार होता. हे तिला नदीकाठी उभ्या उभ्याच कळले, तरी तिने कमानी पुन्हा दोनदा मोजल्या. कारण त्या नदीपलीकडे तिचे माहेर होते.

तिने महिनाभर खपून नवा आराखडा केला. त्यात नकाशे होते, पुराच्या खुणा होत्या, कोणत्या खाणीचा दगड टिकतो तेही होते. आणि शेवटच्या पानावर, सुवाच्य अक्षरात, पुन्हा सात सारखे वाटे होते.

राजापुढे जाण्याआधी तो आराखडा घेऊन, मुलीला कडेवर बसवून, ती आपल्या वृद्ध गुरूंकडे गेली. ते एका लहानशा वस्तीत विहिरीजवळ राहत. सकाळची वेळ होती. विहिरीवर सात घरांची माणसे घागरी घेऊन जमली होती. दोर एकच होता, त्यामुळे पहिल्या घागरीवरून रोजचा वाद सुरू होता.

गुरूंनी सगळी पाने सावकाश वाचली.

"सगळ्यांना सारखं दिलंय, गुरुजी," ती म्हणाली. "कोणाला बोट ठेवायला जागा नाही."

"खरंच नाही," गुरू म्हणाले.

ते उठले. वळचणीला खोचलेला कोयता त्यांनी काढला, विहिरीवर गेले, रहाटावरचा दोर उतरवून घेतला, हाताने मोजला आणि त्याचे सात सारखे तुकडे करून प्रत्येकाच्या हाती एकेक दिला. मग पुन्हा येऊन ओसरीवर बसले.

मग एक म्हातारी पुढे आली.

"बाबा, काल उपास होता का तुमचा?"

"नव्हता."

"मग सहा हातांचा हा तुकडा घेऊन मी काय करू? पाणी तीस हात खाली आहे."

"शेजारणीचा तुकडा तुझ्यापेक्षा मोठा आहे का?"

म्हातारीने खरोखरच शेजारणीचा तुकडा ओढून घेऊन आपल्या तुकड्याशी ताडून पाहिला. "सारखाच आहे," ती म्हणाली.

"मग तक्रार कशाची?"

"तहानेची, बाबा."

तरुण स्त्रीने मांडीवरचे शेवटचे पान हळूच उलटे केले. पण गुरूंचे लक्ष होते.

"पोरी, दोर एक असला की पहिली घागर कोणाची तरी असणारच," ते म्हणाले. "ती कोणाची, हे सांगायचा धीर नसला की माणूस दोर कापतो आणि त्याला न्याय म्हणतो. दगडाचे सात वाटे केले की दोषाचेही सात वाटे होतात. मग तो कोणालाच जड होत नाही. तुझ्याआधीचा कारभारी भला होता. अकरा वर्षांत त्याला कोणी पक्षपाती म्हटलं नाही. अकरा वर्षांत कोणी पूलही ओलांडला नाही."

"पण पलीकडे माझं माहेर आहे, गुरुजी. लोक काय म्हणतील?"

"तू काय मोजलंस? माहेर की कमानी?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "कमानी."

"मग तसं लिही. दुसरा पूल कोणता, सातवा कोणता, तेही आजच लिही. थांबायला माणसं तयार असतात; आपला नंबर कितवा, ते मात्र त्यांना कळायला हवं. आणि लोक बोलतील ते ऐकून घे. तेही तुझ्याच कामात मोडतं."

विहिरीवर एव्हाना तुकडे पुन्हा जोडले जात होते. सहा गाठी पडल्या. प्रत्येक गाठीत हातभर दोर गेला आणि प्रत्येक गाठ रहाटाच्या चाकात अडकू लागली. म्हातारी कुरकुरली, "आता रोज हे असंच का?"

"नवा दोर वळेपर्यंत," गुरू म्हणाले. "कापून जोडलं की गाठी राहतातच. पण पाणी येईल."

पाणी आले. पहिल्या घागरीची वेळ होताच म्हातारी म्हणाली, "आधी त्या पोरीला द्या, कडेवर लेकरू आहे तिच्या." सकाळपासून भांडणाऱ्या त्या सात घरांतून एकही हरकत निघाली नाही.

दरबारात हरकती पुष्कळ निघाल्या. सहा प्रांतांचे सरदार एकदम बोलले. "सरळ सांगा ना, माहेर जवळ करायचंय," एक जण म्हणाला. तिने सातही पुलांचा क्रम शेवटपर्यंत वाचला आणि एकही ओळ बदलली नाही. राजाने नाखुशीने मोहर उठवली. सहा नद्यांवरचा दगड गाड्यांत भरला गेला. वाटेत काही फुटला, काही हरवला. कारभारणीला शिव्या मात्र सगळ्या पोचल्या.

पुढच्या वर्षी, पावसाला आठ दिवस असताना, पूल पुरा झाला.

एके सकाळी ती मुलीचे बोट धरून पुलावर चालत होती. मागून एक लादलेली बैलगाडी आली. गाडीवाला तिला ओळखत नव्हता.

"कडेला व्हा, ताई. नव्या आहात? हा माहेरचा पूल. कारभारीणबाईंनी स्वतःच्या माहेरासाठी बांधून घेतला म्हणतात."

"असेल," ती म्हणाली. "गाडीत काय आहे?"

"दगड. पलीकडे चाललोय, दुसऱ्या पुलाला."

तिने मुलीला उचलून कडेवर घेतले आणि कठड्याला टेकून त्याला वाट दिली.