परकी टिटवी

एक नदी होती. नदीला तीन जंगलं होती आणि तिन्ही जंगलांना एकेक राजा होता. राजे निवडून येत असत, म्हणजे आधी राजा ठरे आणि मागून निवडणूक येई. बोरवनात तरस महाराज, सागवनात अस्वल महाराज, जांभूळवनात रानरेडा महाराज. नदीचं पाणी कुणाचं, यावरून तिघांचं तीन पिढ्यांचं भांडण होतं. पाणी बिचारं आपलं खाली वाहून जात होतं.

बोरवनात नदीकाठच्या वाळूवर एक टिटवी राही. टिटवी ओरडली की लोक अपशकुन म्हणतात, म्हणून तिने लेकीचं नाव मुद्दाम सुलक्षणा ठेवलं. लेक हुशार निघाली. डोंगरांपलीकडे करकोच्यांचं मोठं विद्यापीठ होतं, तिथे शिकायला गेली. तिथली थंडी अशी, की दुधावरची साय काढावी तसा तळ्यावरचा बर्फ काढावा तेव्हा पाणी दिसे. तरी सुलक्षणाचा नेम चुकला नाही. पहाटे स्नान, सूर्याला नमस्कार, मगच चोचीत दाणा.

तिथे तिला दोघं भेटली. सागवनचा मुंगूस भार्गव आणि जांभूळवनची खार मिथिला. आपल्या मुलखात असती तर एकमेकांना दगड मारत बसली असती. परक्या थंडीत मात्र तिघं एकाच शेकोटीला आली, आणि शेकोटीला बसलं की राजकारण निघतंच.

"आपल्याकडचं खरं कुणी लिहीतच नाही," मिथिला म्हणाली.

"लिहितात की. महाराजांचे पोपट लिहितात," भार्गव म्हणाला.

"पोपट लिहीत नाहीत रे, म्हणतात."

मग ठरलं, आपणच लिहायचं. त्या काळी कोळ्यांनी सगळ्या जंगलांतून जाळं विणलं होतं. इथे धागा छेडला की तिथे थरथरे. घरोघरचे प्राणी दिवसभर धाग्याला कान लावून बसत, जेवतानासुद्धा. तिघांनी त्या जाळ्यावर वृत्तपत्र काढलं. तीन वाटा एकत्र येतात म्हणून नाव ठेवलं 'तिठा'.

सुलक्षणा म्हणाली, "काम मोठं आहे. वसा घेऊन करू." पहिला नेम, एकाच्याच तोंडचं ऐकून लिहायचं नाही. दुसरा नेम, राजाच्या पंगतीला बसायचं नाही. तिसरा नेम भार्गवने सुचवला.

"स्वतःच्या जंगलावर लिहायचं नाही. माझे वडील सागवनच्या कोठार समितीवर आहेत. सुले, तुझी आई तिकडे एकटी आहे. आपण शेजाऱ्याचं लिहू. मी जांभूळवनचं, मिथिला बोरवनचं, तू सागवनचं. म्हणजे तटस्थपणा राहील."

"भीतीला तटस्थपणा कधीपासून म्हणतात?" मिथिलाने विचारलं.

"विद्यापीठात आल्यापासून."

तिघं हसली आणि वसा घेतला.

पहिल्याच अंकात सुलक्षणाने लिहिलं, सागवनच्या कोठाराला मागून बीळ आहे. दाणा समोरून येतो आणि मागून जातो. लिहून झालं आणि आता काय होईल म्हणून ती रात्रभर धाग्याला कान लावून बसली. पण झालं भलतंच. बोरवनात तिचा जयजयकार झाला. तरस महाराजांनी लेख भर सभेत वाचून दाखवला. "बंधूंनो आणि भगिनींनो, बोरवनच्या कन्येने सागवनचं पितळ उघडं पाडलं! सत्य बोलणं ही बोरवनची प्राचीन परंपरा आहे!" टाळ्या थांबेनात. आईच्या वाळूवर सुलक्षणाचं चित्र असलेला फलक लागला. त्याच्या सावलीत आईला ऊन मिळेना, ते वेगळंच.

मिथिलाने बोरवनच्या कोठाराचं बीळ दाखवलं. ते रानरेडा महाराजांनी आपल्या सभेत वाचलं. बोरवनात लोक म्हणाले, "शेजारची खार, दुसरं काय बोलणार?" भार्गवने जांभूळवनचं लिहिलं, तर अस्वल महाराजांनी त्याच्या वडिलांकडे मधाचं पोळं पाठवलं. वर्ष सरेपर्यंत तिन्ही दरबारांनी निर्भीड पत्रकारितेचे पुरस्कार सुरू केले. निर्भीडपणा शेजाऱ्याबद्दल असावा, एवढी एकच अट. तिन्ही लेख शेजारी ठेवले तर फक्त झाडांची नावं वेगळी होती. बिळंही एकाच घुशीने खणलेली होती, ठेका तिघांकडून घेऊन.

थंडी तोंडावर आली तेव्हा आईचा धागा थरथरला.

"सुले, जेवलीस का गं?"

"जेवले. तू?"

आईने विषय बदलला. "ती जांभूळवनची खार लिहिते ना, आपल्या कोठारात दाणा नाही म्हणून. मेली खोटारडी. सगळे म्हणतात, मीही म्हणते."

"मग?"

"पण दाणा खरंच नाही गं. रोज जाऊन येते. पहारेकरी म्हणतो, कोठार इतकं भरलंय की दार उघडलं तर सांडेल."

सुलक्षणाने पुढ्यातला दाणा बाजूला सारला. ती तशीच दोघांकडे गेली.

"मी बोरवनचं लिहिणार आहे."

"आणि वसा?" भार्गव म्हणाला. "नेमाची बाई ना तू?"

"वसा टाकत नाहीये. तिसऱ्या नेमाचं उद्यापन करतेय. त्याचं फळ तिन्ही महाराजांना मिळालं, आता पुरे."

"मिथिलाने लिहिलंय ते सगळं. पुन्हा कशाला?"

"तिचं माझी आईसुद्धा खरं मानत नाही, भार्गव."

"परत घरी जाता येणार नाही तुला. आई दिसणार नाही."

"आणि गप्प बसले तर आई राहील का?"

मिथिलाने धागा ताणून धरला आणि सुलक्षणाने छेडला. 'मी बोरवनची टिटवी, सुलक्षणा. आमच्या वाळूवरून कोठार दिसतं. त्याला मागून बीळ आहे. माझी आई उपाशी आहे.' एवढंच.

तरस महाराज सदा हसतमुख. त्या दिवशी हसायचे थांबले. शेजारची खार म्हणायची सोय राहिली नव्हती. त्यांनी दोन्ही शेजाऱ्यांकडे दूत धाडले, आणि तीन पिढ्यांत जमलं नाही ते एका दुपारी जमलं. नदीतल्या बेटावर तिन्ही महाराज गळ्यात गळा घालून बसले. पाण्याचा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलला आणि एकत्र फर्मान काढलं. जो स्वतःच्या जंगलाबद्दल वाईट बोलेल, तो त्या जंगलाचा नव्हे. कारण आपला असता तर बोलला नसता. सबब टिटवी सुलक्षणा ही परकी.

सुलक्षणा पोटभर रडली. मग स्नान केलं, नमस्कार केला आणि फर्मान सावकाश वाचलं. देवाची करणी, शेवटच्या कलमात लिहिलं होतं, परक्यांना बोरवनात फक्त पाहुण्या पक्ष्यांच्या महोत्सवापुरता प्रवेश राहील.

हा महोत्सव बोरवनात दर थंडीत भरे. पाहुणे येत, वाहवा म्हणत आणि उडून जात, म्हणून महाराजांना ते फार प्रिय. सुलक्षणा रोहित पक्ष्यांच्या रांगेतून वेशीवर उतरली.

"कुठल्या आपण?" पहारेकऱ्याने विचारलं.

"परकी. हे फर्मान."

त्याने शिक्का पाहिला आणि तिच्या गळ्यात हार घातला.

मांडवात दाण्याच्या राशी लागल्या होत्या. पाहुण्यांसाठी घुशीकडून परत विकत आणल्या होत्या. मधे दोरी बांधली होती, आणि दोरीपलीकडे बोरवनचे नागरिक टाळ्या वाजवायला उभे केले होते. पहिल्याच ओळीत आई होती.

"सुले, किती वाळलीस गं!" आई म्हणाली. तिची स्वतःची पिसं हाडांना चिकटली होती.

सुलक्षणाने चोचभर दाणे उचलले आणि दोरीशी गेली. पहारेकरी धावत आला.

"ताई, पाहुण्यांचा दाणा नागरिकांना देता येत नाही."

"माझी आई आहे ती."

"असेल हो. पण नागरिक आहे ना!"

आईने राशींकडे पाहिलं, लेकीच्या हाराकडे पाहिलं. "काय रे दादा, हे परकं व्हायला काय करावं लागतं?"

"काही नाही काकू, कोठाराबद्दल खरं बोलायचं," तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली. पण बोलणं धाग्यांवर गेलं होतं.

आईने जवळचा धागा ओढला आणि टिटवीच्या खास आवाजात सांगायचं ते सांगितलं. संध्याकाळी ती परकी ठरली. मायलेकी दोरीच्या अलीकडे शेजारी शेजारी जेवायला बसल्या, आणि आईने पहिला घास लेकीला भरवला.

दुसऱ्या दिवशी ससे बोलले. मग हरणं बोलली, मग साळिंदरं. शेवटी पहारेकऱ्याने भाला भिंतीला टेकवला आणि म्हणाला, "इतकी वर्षं मी रिकाम्या खोलीचं दार राखतोय." त्यालाही हार मिळाला. मिथिलाने जांभूळवनचं लिहिलं. सागवनात तर रांगच लागली, आणि रांगेत सगळ्यात पुढे भार्गवचे वडील होते. तरस महाराज शिक्के मारून मारून थकले, पण फर्मान त्यांनी मागे घेतलं नाही.

निवडणूक ठरल्या वेळी शांततेत पार पडली. बोरवनच्या मतदार यादीत एकट्या महाराजांचंच नाव उरलं होतं. मतदान शंभर टक्के झालं, आणि महाराजांनी मतदारांच्या या उत्स्फूर्त प्रतिसादाबद्दल जाहीर आभार मानले.