पिंगलेच्या गळ्यातली कवडी

कृतयुगाने पाय काढता घेतला होता आणि त्रेतायुग उंबऱ्याशी अंग चोरून उभे होते, अशा संधिकाळी वेत्रा नदीच्या उत्तर तीरावर शुष्कदंत नामक महातपस्व्याचा आश्रम होता. त्या आश्रमाची शोभा काय वर्णावी! वटवृक्षांच्या घनदाट छायेत मृगशावके वाघिणींच्या पाठीला पाठ घाशीत, होमधूमाने आम्रपल्लव सदैव काळवंडलेले असत, आणि पर्णकुटीच्या वळचणीतले पोपट सामगायनातल्या चुका मोठ्याने सुधारीत. त्यामुळे उद्गात्याचे आणि त्यांचे जन्माचे वाकडे. खुद्द शुष्कदंत म्हणजे विद्येचा सागर आणि कोपाचे आगर. त्यांच्या शापाच्या धाकाने तिथले डाससुद्धा गुणगुणण्याआधी परवानगी मागत, असे जुनी माणसे सांगतात. जुनी माणसे काहीही सांगतात म्हणा.

त्यांची धर्मपत्नी रोचना. तिला वेद येत नव्हते. वेद येणाऱ्यांना भूक लागते, एवढे मात्र पक्के ठाऊक होते. तिचा सगळा जीव पिंगला नावाच्या गाईत गुंतलेला. पिंगलेच्या गळ्यात रोचनेने स्वतः ओवलेली कवड्यांची माळ होती. हाक मारली की पिंगला मान हलवी, कवड्या खुळखुळत, आणि तेवढ्यावर त्या माउलीचा दिवस साजरा होई. तिच्या हाकेला नवऱ्याने एवढी मान कधीच हलवली नव्हती.

त्या काळी घटोदर नावाचा असुर मातला. पर्वतप्राय देह, विवरासारखे मुख, आणि चव अशी ठरलेली की गाईवाचून त्याला दुसरे काही रुचत नसे. त्याने सुश्मश्रू राजाच्या राज्यातले गोठेच्या गोठे रिकामे केले. राजाच्या मिशा त्रिभुवनात प्रसिद्ध होत्या, पराक्रम तेवढा नव्हता. ऋषींच्या तपोबलाने आश्रमाच्या सीमेआत असुराचे पाऊल पडत नव्हते, म्हणून अवघ्या राज्यात एकटी पिंगला उरली. गाई संपल्या तशी घटोदराने माणसांकडे पाहून जीभ चाटली, आणि मिशा आवरीत राजा आश्रमात धावत आला.

शुष्कदंतांनी यज्ञ आरंभला. सोळा ऋत्विज बसले, मंत्रघोषाने दिशा दणाणल्या, हविर्भागासाठी देव आले. त्यांत उत्तर दिशेचा अधिपती, तीन पायांचा, आठ दातांचा, एका पिंगट डोळ्याचा धनेश्वर कुबेरही आला. त्याने पिंगलेचे तूप चाखले आणि तो तिथेच मांडी ठोकून बसला. तीन पायांची मांडी कशी घालतात, हे वाचकांनी घरी करून पाहावे.

पूर्णाहुतीची वेळ आली. विधी असा की, प्रत्येक ऋत्विजाच्या हातात दक्षिणेची गाय पडल्यावाचून अग्नी अस्त्ररूप घेत नाही. नदीपलीकडे घटोदराची डरकाळी ऐकू येऊ लागली, आणि गाय एक!

खरजिह्व नावाचा ऋत्विज उठला. वादात तो बृहस्पतीलाही घाम फोडी आणि जेवायला सर्वांत पुढे असे. तो गर्जला, "हे मुनिश्रेष्ठा! दक्षिणेवाचून आहुती म्हणजे प्राणावाचून देह! पिंगला मला दे, उरलेल्यांचे तू बघ!"

"का? तू काय जावई लागून गेलास?" मागून पंधरा कंठ एकदम फुटले.

शुष्कदंतांनी पिंगलेच्या दाव्याला हात घातला. रोचना आडवी आली.

"स्वामी, आज पहाटे आपण देवांना वस्त्र वाहिलंत?"

"आपले दारिद्र्य तुला ठाऊक आहेच, भामिनी. वस्त्राच्या स्थानी अक्षता वाहिल्या."

"आणि अलंकार?"

"अलंकारांच्या स्थानीही अक्षता."

"देवांनी तक्रार केली?"

समोर बसलेल्या देवांनी एकमेकांकडे पाहिले. तक्रार होती, पण आता बोलायचे कोणी?

"मग देवांना जे चालतं, ते या सोळा जणांना न चालायला हे कोण लागून गेले?" असे म्हणून रोचनेने माळेचा दोरा तोडला आणि एकेका ऋत्विजाच्या ओंजळीत एकेक कवडी टाकली. "ही कवडी म्हणजे गाय. जो ही परत आणील त्याला गाय मिळेल. रोचनेचा शब्द आहे."

डरकाळी जवळ आली होती. अशा वेळी धर्मशास्त्र फार उदार होते. ऋत्विजांनी मुठी मिटल्या, "तथास्तु" म्हटले, शुष्कदंतांनी दात खात आहुती टाकली, आणि कुंडातून सहस्र जिव्हांचा ज्वालास्तंभ उसळला. मग काय ते युद्ध! असुराने उपटलेले ताडवृक्ष बाणांसारखे येत होते, ज्वाला ते गवताच्या काडीसारखे गिळीत होती, नदीचे पाणी उकळून कासवे काठावर येऊन बसली होती. आणि सुश्मश्रू महाराज मिशा जळू नयेत म्हणून त्या ओल्या फडक्यात गुंडाळून दुरून शौर्य गाजवीत होते. सूर्यास्ताला घटोदराची राख झाली. पोटातल्या गाई परत मिळतील अशी पुष्कळांना आशा होती. परंतु असुराचे पचन उत्तम होते.

संकट टळले आणि कवडीला पाय फुटले. एका ऋत्विजाने ती देऊन कुंभाराकडून मडकी घेतली, कुंभाराने ती तेलिणीला दिली, तेलिणीने विणकराला, आणि दुसऱ्या कवड्या फिरत फिरत पुन्हा त्यांच्याच दारी आल्या. जो तो म्हणे, "घे रे, गाय आहे ती!" आणि घेणारा घेई. कुणाला गोठा झाडायला नको, की धार काढायला नको. लोकांना ही गाय खऱ्या गाईहून आवडू लागली.

खरजिह्वाने मात्र कवडी जपून ठेवली होती. पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आले की कवड्या सोळा आणि गाय एकच. हे त्याने मनात ठेवले असते तर ही कथा इथेच संपती. पण त्याचे नाव खरजिह्व. तासाभरात बाजारभर झाले. कुंभार मडके टाकून धावला, तेलीण घाणा सोडून धावली, ऋत्विज सोवळे सावरीत धावले. ज्याच्या हाती कवडी तो आश्रमाच्या वाटेला. कोणी शिंग धरले, कोणी शेपूट, कोणी दावे. पिंगलेने असा हंबरडा फोडला की पोपटांनीही मंत्र सोडला.

"शब्द दिला होतास, ऋषिपत्नी!" खरजिह्व ओरडला. "ही कवडी! आण गाय!"

"कवडी मीही आणलीय, भटजी," तेलीण त्याच्या उपरण्याचा पदर ओढीत म्हणाली. "माझी वाटणी शेपटापासून सुरू करा."

रोचनेने पिंगलेच्या मानेला मिठी मारली. शब्द तिचा होता, खोटाही तोच ठरत होता. गाय दिली तर पंधरा जण फसले, न दिली तर सोळा. पती शाप जुळवण्यात मग्न. राजा मिशांना तेल लावण्यात. तिची बोटे पिंगलेच्या गळ्यातल्या तुटक्या दोऱ्याला लागली. त्यात एक कवडी अडकून राहिली होती.

तुपाचा वाडगा पुसून खाणाऱ्या कुबेरापुढे जाऊन तिने ती त्याच्या तळहातावर ठेवली.

"हे यक्षराज! ही गाय गेली, तर उद्यापासून तूप नाही. ही कवडी घ्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा."

कुबेराने वाडग्याच्या तळाकडे पाहिले. मग कवडीकडे. त्याने ती आठव्या दाताने चावून पाहिली, उन्हाकडे धरून पाहिली, आणि कमरेच्या शेल्यात खोचली. गळ्यातला सोन्याचा निष्क काढून त्याने रोचनेच्या हातावर ठेवला आणि मेघगंभीर स्वरात विचारले, "आणखी कोणाला द्यायच्या आहेत काय? मी घेतो आहे."

मग शेपटावरची मूठ सुटली, शिंगावरची सुटली. खरजिह्वाने कवडी जानव्याला बांधली. "छे, छे," तो म्हणाला, "एवढी घाई कशाला? मी तर गाईची खुशाली विचारायला आलो होतो." धनेश्वर जी गोष्ट मागतो ती हातची सोडायला तिथे कोणीच खुळा नव्हता.

तेवढ्यात शुष्कदंतांचा शाप जुळला. कमंडलूतले उदक हातावर घेऊन ते कवडीवर कडाडले, "हे कपर्दिके! गाय नसून गाईच्या आसनावर बसलीस, म्हणून तुला स्वतःचे रूप राहणार नाही! आज शिंपल्याची, उद्या सोन्याची, परवा तांब्याची होशील. राजे तुला चामड्यावर ठोकतील, कागदावर छापतील. आज जी मुकुटात ती उद्या उकिरड्यात जाशील. आणि कलियुगात तुझे शरीरच नाहीसे होऊन दुकानाच्या फळीवर तुझा नुसता आवाज उरेल! तुला कोणी खाणार नाही, कोणी पांघरणार नाही, आणि मुठीत असेतो तुझा कोणाला उपयोग होणार नाही!"

आता कवड्यांवरच्या मुठी सैल पडू लागल्या. कोणीतरी दाव्याकडे सरकले. रोचनेने कुबेराकडे पाहिले. कुबेराने जांभई दिली, आणि देवाच्या जांभईतून निघाले तरी वचन ते वचन, म्हणून त्याचा उःशाप झाला:

"ऋषिवाणी मिथ्या होणार नाही. परंतु हिला घेण्यासाठी जोवर पुढचा हात पसरलेला असेल, तोवर ही कोणत्याही रूपात गाईइतकीच खरी असेल. मात्र घेणारा हिला आधी वाजवील, चावील, उजेडाकडे धरील. कारण घेताना मीही तसेच केले आहे."

लोक आपापल्या कवड्या घेऊन पांगले. दावे रोचनेच्या हातात राहिले. तिने आनंदाने तो लखलखता निष्क पिंगलेपुढे धरला. पिंगलेने हुंगला, शिंकली, आणि मान फिरवली. मग रोचनेने तो गवतवाल्याला दिला. गवतवाल्याने तो चावून पाहिला आणि भारा टाकला. पिंगला खाऊ लागली.

तेव्हापासून यज्ञात, श्राद्धात, वास्तुशांतीत गाईच्या स्थानी द्रव्य देण्याची रीत पडली. भटजी "गोनिष्क्रय" म्हणतात, यजमान नाणे ठेवतो, दोघेही गाय दिली-घेतली असे मानून पुढच्या मंत्राला लागतात. हे देवांनी मान्य केले, ऋषींनी केले, राजांनी तर आनंदाने केले. एका गाईने तेवढे अजून केलेले नाही.