पेटीने श्वास रोखला

वाद्यांना बोलता यायचं त्या काळी एका शाळेत एक भित्री पेटी होती. दसऱ्याला हळदकुंकू लावून घ्यायचं आणि वर्षभर मखमलीखाली निजायचं, एवढंच तिला ठाऊक. एके दिवशी गुरुजींनी पहिलीच्या मुलांसाठी वाद्यांचा फुकट वर्ग सुरू केला.

“अगं बाई, ही कार्टी माझ्या पट्ट्या उपटतील!” पेटी कापू लागली.

“मी जन्मभर थपडा खातोय, मेलो का?” तबला फिस्कन हसला.

पेटीने श्वासच रोखला. छोट्या रेवूने भाता हलवला, पट्ट्या दाबल्या, पण आवाजच नाही.

“बिघडली वाटतं,” गुरुजी म्हणाले. “भंगारवाल्याला देऊ.”

पेटी एवढी दचकली की सगळे सूर एकदम किंचाळले. रेवूने घाबरून हात मागे घेतले.

“हात नको गं काढूस!” पेटी म्हणाली. “आत्ता कुठे घसा मोकळा होतोय.”