अंबाडीच्या तळ्यावरची पंगत

चर्रर्र... फट्! हिरवा बांबू उभा चिरताना असा आवाज होतो. लहानपणी मी तो एका बुरडीणबाईच्या अंगणात ऐकला. ही गोष्ट तिचीच. बांबू चिरता चिरता तिने सांगितलेली.

सोनबर्डीच्या राजाला उन्हाळ्यासाठी महालभर चिकाचे, म्हणजे बांबूच्या बारीक काड्यांचे, पडदे हवे होते. त्याने डोंगरातून बुरूड बोलावले. काम बारमाही, धान्य राजाच्या कोठारातून. फक्त एक मेख होती. राजा भानुसेन म्हणे, "माझ्या राजधानीत वाईट जागा नाहीच! कारभारी दाखवील त्यातलं घर घ्या. जागेला नावं ठेवाल, तर काम गेलं आणि तुम्हीही वेशीबाहेर!"

याआधी कामाला आलेला एक कुंभार "माशा फार आहेत हो" एवढंच म्हणाला, आणि चाकासकट बाहेर गेला. एक विणकर गप्प राहिला. तो महिन्याभरात तापाने फणफणून आपणहून गेला.

मग आली सगुणी. बरोबर नवरा राणू आणि म्हातारा सासरा केरबा. त्यांना माघारी जायची सोय नव्हती. गावच्या बांबूला फुलं आली होती. बांबू फुलला की अख्खं बेट वाळून जातं. मग बुरडाने खायचं काय?

कारभारी अंतोबा त्यांना घरं दाखवायला निघाला.

"हे बघा, हत्तीखान्याला लागून! पहाटे उठायला कोंबडा नको!"

आत हत्ती ओरडला. राणू दोन हात मागे उडाला.

"हे नगारखान्याखाली! रोज फुकट वाजंत्री!"

"माणसानं निजायचं कसं हो इथं?" राणू पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"वाजंत्री गोड आहे म्हणाले ते," सगुणी म्हणाली.

तिसरं घर तळ्याकाठी होतं. त्या तळ्यात गावची सगळी अंबाडी कुजत घातलेली. दोरखंडासाठी वाख, म्हणजे सालीचा धागा, काढायचा तर अंबाडी कुजवावीच लागते, आणि ती कुजली की जो वास सुटतो तो ज्याने घेतला त्यालाच ठाऊक! अंतोबाने नाकाला उपरणं लावलं आणि उपरण्यातूनच म्हणाला, "पाणी दारात! बांबू भिजवायला कुठं जायला नको. भाग्यवान आहात!"

"कारभारीसाहेब, तुम्ही कुठं राहता?" सगुणीने विचारलं.

"मी? वरच्या आळीला, आमराईत. दोन घरं आहेत. एकात मी, एकात माझा घोडा."

सगुणीने मान हलवली. "आम्ही हेच घर घेतो. पण आमच्यात रीत आहे. नव्या घरातली पहिली पंगत घर देणाऱ्याची. महाराज आले तरच चूल पेटायची."

अंतोबा हसला. पण राजाला हे कळलं तेव्हा त्याची छाती फुगली. "येईन की! माझ्याच राजधानीतलं घर!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन तळ्यावर आलं असताना पंगत बसली. राजा, अंतोबा, राणू आणि शेवटी केरबा. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. राजाने पहिला घास घेतला आणि दुसरा भराभर गिळला. वरणात माशी पडली. त्याने ती काढली, तर दोन पडल्या.

राजाने पटापट पान संपवलं आणि उठायला लागला.

"महाराज!" सगुणी म्हणाली. "मामंजींचं व्हायचंय अजून."

शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत पंगतीतून उठायचं नाही, हे राजालाही मोडता येत नव्हतं. तो परत बसला. केरबाच्या तोंडात दात नव्हता. तो भाकरीचा तुकडा वरणात बुडवी, भिजू देई, मग तोंडात घेऊन इकडून तिकडे फिरवी.

"आजोबा, किती राहिलं?" राजाने नाक दाबून विचारलं.

"आत्ता तर बसलो, सरकार."

वाऱ्याची झुळूक आली, ती तळ्यावरून. अंतोबाने उपरणं पुन्हा नाकाला लावलं.

"आजोबा, जरा उरका की!"

"घाईत खाल्लेलं अंगी लागत नाही, सरकार. सुनबाई, अजून अर्धी वाढ."

सगुणीने अख्खी वाढली.

राजाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिशीत माशी शिरली. मग मात्र तो ओरडलाच, "अरे, ही काय राहायची जागा आहे? माणूस सोडा, म्हैससुद्धा इथं उभी राहायची नाही!"

सगुणीने पदर तोंडाला लावला. "अगंबाई! महाराज, हळू बोला! जागेला नावं ठेवणाऱ्याला वेशीबाहेर काढतात म्हणे. आम्ही आपल्याविना पोरके होऊ!"

केरबा आपला घास तोंडात फिरवत होता.

राजाने तिच्याकडे पाहिलं. मग जो हसला, तो पोट धरधरून हसला! हसताना मोठा श्वास घ्यावा लागला, तेव्हा खोकला. तरी हसला.

"हरलो, बाई! तो नियम आजपासून बंद. आता सांग, कुठं राहायचंय तुला?"

"मी गावात नवखी, महाराज. मला काय कळतंय? पण कारभारीसाहेबांना सगळं गाव पाठ. त्यांनी स्वतःसाठी जी जागा निवडली, तिच्या शेजारची द्या."

"शेजारी माझा घोडा आहे!" अंतोबा किंचाळला. "त्याने कुठं जायचं?"

"इथं येऊ दे की," सगुणी म्हणाली. "पाणी दारात आहे. भाग्यवान घोडा!"

राजा पुन्हा हसत सुटला. त्याने गळ्यातली मोत्यांची माळ काढून सगुणीच्या हातात दिली. "आमराईतलं घर तुझं. अंतोबा, दिवस मावळायच्या आत घोडा इकडे आण. आणि त्याला इथलं मानवेपर्यंत सोबतीला तूही राहा!"

केरबाने शेवटचा घास गिळला, वर घोटभर पाणी घेतलं आणि ढेकर दिला.

पंगत उठली. अंतोबाने उपरणं झटकलं आणि घोडा आणायला आमराईच्या वाटेला लागला.